क्षमा आणि पावती

आमच्या धर्मग्रामाची एक मोटारगाडी आहे. २०११ साली भाविकांनी वर्गणी काढून ती घेतली. खाटेला खिळलेल्यांना ख्रिस्तप्रसाद नेणे, रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला इस्पितळात पोहोचवणे, आठवड्यातून दोनदा एका आजीबाईंना डायलिसिससाठी नेऊन आणणे, ही तिची कामे. ती माझ्या आवारात उभी असते म्हणून लोक तिला 'फादरची गाडी' म्हणतात. वास्तविक ती फादरची नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

२०२२ सालच्या ऑक्टोबरात ही गाडी तापू लागली. ज्या विक्रेत्याकडून ती घेतली होती त्याच्याच वर्कशॉपमध्ये आम्ही ती दिली. पाच दिवसांनी गाडी परत आली आणि सोबत ३१,४०० रुपयांचे बिल आले. हेड गॅस्केट बदलले, थर्मोस्टॅट नवीन बसवला, कूलंट भरले, मजुरी इतकी, असे त्यात स्वच्छ छापलेले होते. आम्ही पैसे चुकते केले. बाराव्या दिवशी आजीबाईंना मिरा रोडहून परत आणताना वरसावे पुलाच्या अलीकडे काटा लाल रेषेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ उसळली. डायलिसिस होऊन थकलेली ती वृद्धा पाऊण तास उन्हात, रस्त्याच्या कडेला, मागच्या सीटवर बसून होती. ती एका शब्दाने कुरकुरली नाही, जपमाळ ओढत राहिली. कुरकुरली असती तर मला कमी वाईट वाटले असते.

गाडी टोचन करून पुन्हा वर्कशॉपमध्ये नेली. तेथील सर्व्हिस ॲडव्हायझर नम्रपणे म्हणाला, "फादर, गाडी अकरा वर्षांची आहे. जुन्या इंजिनाची खात्री कोण देणार?" आणि त्याने आणखी २२,००० रुपयांचा अंदाज पुढे केला.

मी घरी परतलो तो मनाशी एक निश्चय करूनच. भांडण करायचे नाही. धर्मगुरूने मोटारीच्या बिलावरून हुज्जत घालणे शोभत नाही. प्रभूने तर अंगरखा मागणाऱ्याला वरचे वस्त्रही द्यायला सांगितले आहे. झाले ते देवाला अर्पण करावे आणि गाडी दुसरीकडे न्यावी. आमच्या अर्थसमितीच्या बैठकीत मी हे बोलून दाखवले तेव्हा आमचे खजिनदार, एक निवृत्त बँक कारकून, चष्मा काढून पुसत म्हणाले, "फादर, पैसे तुमचे असते तर तुम्ही सोडले असते आणि आम्ही तुमच्या पाया पडलो असतो. पण हे पैसे गावाचे आहेत. दुसऱ्याच्या पैशाने तुम्ही क्षमा कशी करणार?"

सेमिनरीत मी नीतिशास्त्राच्या परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. पण हा प्रश्न मला तेथे कोणी विचारला नव्हता.

क्षमा ही ज्याचे नुकसान झाले त्याची देणगी आहे. माझ्या शेजाऱ्याची केळीची बाग कोणी तुडवली तर त्याला क्षमा करण्याचा अधिकार शेजाऱ्याचा आहे, माझा नाही. मी ती परस्पर दिली, तर मी औदार्याचा मान मिळवीन आणि किंमत शेजारी मोजील. आमच्या मोटारीच्या बाबतीत नुकसान झाले ते वर्गणी देणाऱ्यांचे आणि उन्हात बसलेल्या त्या आजीबाईंचे. मी जिला क्षमा म्हणत होतो तिच्यात माझा निवांतपणा किती आणि प्रभूची शिकवण किती, हे तपासून पाहणे मला भाग पडले. तपासले तेव्हा निवांतपणा बराच जास्त निघाला.

प्रथम सत्य काय ते पाहायचे ठरले. धर्मग्रामातील एक वयस्क मेस्त्री आहेत. तीस वर्षे इंजिने उघडून त्यांच्या बोटांच्या रेषांत तेल मुरले आहे. त्यांनी वर्कशॉपच्या फोरमनला सांगून, त्याच्या समोरच, इंजिनाचे हेड उतरवले. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये जी पातळ चकती बसते ती गॅस्केट. इंजिन फार तापले की अॅल्युमिनियमचे हेड किंचित वाकते. वाकलेले हेड मशीनवर घासून सपाट करून घ्यावे लागते. त्याला फेसिंग म्हणतात. ते न करता नुसते गॅस्केट बदलले, तर नवे गॅस्केटही थोड्याच दिवसांत गळते. मेस्त्रींनी हेडवर लोखंडी पट्टी उभी धरली आणि मला डोळा लावायला सांगितले. पट्टीच्या खाली, मधोमध, उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. फेसिंग झालेच नव्हते. मग त्यांनी थर्मोस्टॅट काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो गंजलेला होता. बिलात ज्याची किंमत नवा म्हणून लावली होती, तो हाच जुना होता.

येथे दोन वेगवेगळ्या गोष्टी समोर आल्या आणि त्या वेगळ्या ठेवणे अगत्याचे होते. फेसिंग न करणे हा निष्काळजीपणा. न बसवलेल्या वस्तूचे पैसे घेणे ही फसवणूक. पहिलीत माणूस आपल्या कर्तव्यात कमी पडतो, दुसरीत तो खोटे बोलतो. रागाच्या भरात आपण दोहोंना एकाच शिवीत बांधतो आणि मग समोरचा माणूस त्या शिवीवर भांडतो, मूळ प्रश्न बाजूला राहतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात सातव्या आज्ञेचे विवरण आहे. चोरी करू नको, ही ती आज्ञा. तिच्या भंगाचे प्रकार सांगताना त्या ग्रंथाने वाईट रीतीने केलेले काम आणि खोटी बिले या दोहोंची नावे एकाच परिच्छेदात घेतली आहेत. कामचुकारपणाही चोरीच्या सदरात येतो, हे आपल्यापैकी किती जणांनी मनाशी आणले असेल? मी प्रवचनातून हे किती वेळा सांगितले? क्वचितच.

मेस्त्रींच्या हातातील त्या पट्टीखालचा उजेड पाहताना मला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती आठवल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

१९९८ साली मी नुकताच दीक्षित झालेला साहाय्यक धर्मगुरू होतो. त्या गावात एक गृहस्थ टेम्पो चालवीत. पहाटे तीनला निघून वाडीवाल्यांची भाजी आणि फुले दादरच्या बाजारात पोहोचवायची, हा त्यांचा धंदा. टेम्पोचे इंजिन त्यांनी कर्ज काढून दुरुस्त करून घेतले होते. महिन्याभरात ते पुन्हा बसले. गॅरेजवाला हात वर करून मोकळा झाला. ते माझ्याकडे आले. काय करावे, असे त्यांनी मला विचारले. मी त्यांना दुसरा गाल पुढे करण्याविषयी सांगितले. मनात कटुता धरू नका, देव तुम्हाला दुसरीकडून देईल, असे म्हणालो. ते हात जोडून गेले. पुढे टेम्पो विकला गेला, ते एका कंपनीत रखवालदार झाले, आणि मला मात्र आपण एका जिवाला शांती दिली असे वाटत राहिले.

दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण खोटी नाही. ती देणाऱ्याने स्वतः ती कशी पाळली, हे मात्र पाहिले पाहिजे. योहानकृत शुभवर्तमानात प्रमुख याजकासमोर चौकशी चालली असता एक शिपाई येशूच्या तोंडात मारतो. येशू त्याला उलट मारीत नाही, शापही देत नाही. पण तो गप्पही राहत नाही. मी काही वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, नाहीतर का मारतोस, असा सरळ प्रश्न तो त्याला करतो. सूडाचा त्याग आणि सत्याचा आग्रह या दोन्ही गोष्टी त्या एका प्रश्नात आहेत. संत पौलही तसाच. करिंथच्या ख्रिस्ती लोकांना तो खडसावतो, की भावाभावांनी न्यायालयात खेचाखेची करण्यापेक्षा तुम्ही अन्याय सोसून का घेत नाही? पण फिलिप्पै येथे त्याला विनाचौकशी फटके मारून तुरुंगात टाकले आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा तो जागचा हलला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, अशी त्याने मागणी केली. मला वाटते, त्या शहरात मागे राहणाऱ्या नवख्या भाविकांवर उद्या तेच फटके पडू नयेत, ही काळजीही तीत असावी.

म्हणून आपला हक्क सोडून देणे केव्हा थोर ठरते, याच्या तीन कसोट्या मी मनाशी ठरवल्या आहेत. सोडतो ते माझे असले पाहिजे. ते मागण्याचे बळ माझ्यात असले पाहिजे, कारण भीतीपोटी सोडलेल्याला त्याग म्हणत नाहीत. आणि माझ्या सोडण्याने तिसऱ्या कोणाचे नुकसान होता कामा नये. आमची मोटार पहिल्याच कसोटीवर अडली. टेम्पोवाले दुसऱ्या कसोटीवर अडले होते. आणि तिसरी कसोटी प्रत्येक वर्कशॉपला लागू पडते. मी गप्प बसलो, तर तोच न बसवलेला थर्मोस्टॅट उद्या दुसऱ्या कोणाच्या बिलात चढतो.

प्रभूने मार्गही आखून दिला आहे. मत्तयच्या अठराव्या अध्यायात तो सांगतो, की भावाने अपराध केला तर प्रथम एकांतात जाऊन त्याला त्याची चूक दाखवावी. न ऐकले तर एक-दोन साक्षीदार न्यावेत. तरीही न ऐकले तर मंडळीपुढे मांडावे. आपण नेमका उलटा क्रम धरतो. आधी गावभर सांगतो, मग साक्षीदार जमवतो, आणि ज्याने चूक केली त्याच्याशी शेवटपर्यंत बोलत नाही. आम्ही एक पत्र लिहायचे आणि ते घेऊन व्यवस्थापकाला प्रत्यक्ष भेटायचे ठरवले.

पत्राचा मसुदा खजिनदारांनी केला. तारखा, जॉब कार्डाचा क्रमांक, बिल, टोचनाचा खर्च ३,००० रुपये, तीन दिवस भाड्याने घेतलेल्या गाडीचे पैसे, मेस्त्रींचे लेखी निरीक्षण, असे सारे त्यात होते. शेवटी एक ओळ होती, की दुरुस्तीनंतर एसीच्या कॉम्प्रेसरमधूनही आवाज येऊ लागला आहे. मी थबकलो. तो आवाज वर्षभरापासून येत होता. मी विचारले तेव्हा खजिनदार हसून म्हणाले, "फादर, वाटाघाटीत थोडे जास्तच मागायचे असते." समितीतले दोघे-तिघेही हसले. खरे सांगायचे तर मीही क्षणभर ती ओळ तशीच राहू दिली. समोरच्याने आपल्याला फसवले आहे, आता आपल्या एका ओळीने काय बिघडते? अन्याय सोसलेल्या माणसाला हा मोह फार गोड वाटतो, कारण त्याला तो मोह वाटतच नाही, न्याय वाटतो. पण न बसवलेला थर्मोस्टॅट बिलात लिहिणे आणि जुना आवाज नव्या तक्रारीत लिहिणे, यांत फरक कोणता? ती ओळ आम्ही खोडली.

संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात क्षतिपूर्तीचे एक सबंध प्रकरण लिहिले आहे. घेतलेले परत करणे त्याला तारणासाठी आवश्यक वाटते. नुसता पश्चात्ताप पुरत नाही. जक्कयाने प्रभूला घरी जेवू घातले, पण ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचा शब्दही त्याने दिला. न्यायाची भाषा मापाची आहे. जितके नुकसान, तितकी भरपाई. त्याहून कमी मागणे हे देणगी होऊ शकते, त्याहून जास्त मागणे हा नवा अन्याय होतो. मापाने मागणाऱ्याला ओरडावेही लागत नाही.

व्यवस्थापक तरुण होते. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि गंजलेला थर्मोस्टॅट हातात घेऊन पाहिला. आम्ही आवाज चढवला नाही, त्यांनीही चढवला नाही. अर्ध्या तासात त्यांनी मान्य केले, की हेडचे फेसिंग करून नवे गॅस्केट आणि थर्मोस्टॅट वर्कशॉपच्या खर्चाने बसवले जाईल, आणि बिलात लावलेली थर्मोस्टॅटची किंमत, टोचनाचा खर्च व भाडे परत मिळेल. आम्ही उठणार इतक्यात ते म्हणाले, "काळजी करू नका फादर, ज्या पोराने हे काम केलं त्याच्या पगारातून कापून घेतो." आणि त्यांनी काचेपलीकडे बोट दाखवले. जेमतेम वीस वर्षांचा एक मुलगा एका गाडीखालून पाय बाहेर काढून निजला होता.

मी पुन्हा खाली बसलो. फेसिंगसाठी हेड बाहेर मशीनवर पाठवावे लागते, त्यात एक दिवस जातो. तो दिवस वाचवण्याचा निर्णय त्या मुलाचा होता काय? बिल त्याने छापले होते काय? मी विचारले तेव्हा व्यवस्थापक काही बोलले नाहीत. संत थॉमसने क्षतिपूर्तीला कोण कोण बांधलेले आहेत याची यादी दिली आहे, तीत पहिला आज्ञा देणारा आहे. आमची भरपाई त्या मुलाच्या घासातून येणार असेल तर आम्हाला ती नको, असे मी त्यांना सांगितले. खजिनदारांनी माझ्याकडे पाहिले. या वेळी मी दुसऱ्याच्या पैशाने क्षमा करीत नव्हतो, हे त्यांना पटले असावे, कारण त्यांनी मान हलवली. भरपाई कंपनीच्या खात्यातून होईल, मुलाचा पगार कापला जाणार नाही, असे व्यवस्थापकांनी त्याच पत्राखाली लिहून सही केली.

घरी येऊन मी ती यादी पुन्हा काढून वाचली. आज्ञा देणाऱ्याच्या मागोमाग तीत सल्ला देणारा आहे. पुढे, बोलणे कर्तव्य असताना गप्प राहणाराही आहे. १९९८ सालचा तो साहाय्यक धर्मगुरू मला तेथे दोनदा भेटला.

डिसेंबरात मी त्या टेम्पोवाल्या गृहस्थांना शोधत गेलो. आता ते सत्तरीपार आहेत. ओटीवर बसून मी त्यांची क्षमा मागितली. त्यांना तो प्रसंग लख्ख आठवत होता. थोडा वेळ ते अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "फादर, मी त्याला क्षमा केली नव्हती. मला भांडायचं बळ नव्हतं. तुम्ही त्याला क्षमा म्हणालात, म्हणून मीही म्हटलं." आणि मग, "पण तुम्ही आलात ते बरं केलंत." चहा आला. आम्ही दुसऱ्या विषयांवर बोललो. त्यांचे मी जे बुडवले त्याची क्षतिपूर्ती मला करता येण्यासारखी नाही, हे मी जाणून आहे.

आज असा कोणी माझ्याकडे आला तर प्रार्थनेबरोबर मी त्याला आणखी काही सांगेन. गाडी, पंप किंवा फ्रिज दुरुस्तीला देताना जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. बिल जपून ठेवा. चूक आढळली तर प्रथम भेटा, मग लेखी कळवा. तरीही दाद लागली नाही तर ग्राहकासाठी कायदा आहे. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालचा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. परस्परसंमतीने मिटवायचे असेल तर मध्यस्थीची सोयही त्याच कायद्यात आहे. १९८६ च्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ती २४ डिसेंबरला, आणि म्हणून तो दिवस आपल्या देशात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. आपण त्या दिवशी गोठा सजवण्यात गढलेले असतो, त्यामुळे हे आपल्या ध्यानी येत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी काही जण ग्राहक आहेत तसे काही जण फिटर, कंत्राटदार, दुकानदार, कारकूनही आहेत. कुमसाराला बसण्यापूर्वी आपण आपल्या रागाचा, वासनेचा, चुकलेल्या मिस्सेचा हिशेब मांडतो. पट्टीखाली उजेड दिसत असताना बंद केलेल्या कामाचाही मांडावा.

आम्हाला भरपाईची पावती दहा दिवसांत मिळाली. क्षमेला त्याहून वेळ लागला. हायवेवरून जाताना त्या वर्कशॉपची पाटी दिसली की मी नजर फिरवीत असे, आणि हिशेब मिटल्यावरही मनात राहिलेली ती अढी प्रार्थनेत आणायला मला लाज वाटे. पैसे परत मिळाले म्हणजे मन मोकळे होते असे नाही. पण देणे-घेणे मापाने मिटल्यानंतर जे उरले ते निखळ माझे होते. त्यात वर्गणीदारांचे काही नव्हते, आजीबाईंचे काही नव्हते. तेवढे मात्र मला सोडता येत होते. मेस्त्री नको म्हणत असतानाही पुढची सर्व्हिसिंग आम्ही त्याच वर्कशॉपला दिली.

गाडी आणायला मी स्वतः गेलो होतो. त्या मुलाने मला ओळखले. न मागता त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना ऑइल फिल्टर आणून माझ्या हातात ठेवला आणि तो पुन्हा गाडीखाली शिरला.